खाली गेलेली शुगर कुणी विचारत नाही

गेल्या महिन्यात दुकानात एक मावशी आल्या. हातात गोळ्यांच्या पाकिटाचा कापलेला तुकडा होता. "हीच द्या," म्हणाल्या. पाकीट काढता काढता मी विचारलं, "मावशी, ही गोळी घेतल्यावर कधी हातपाय थरथरतात का? घाम फुटतो का?" त्या हसल्या. "रोजच की. अकराच्या सुमाराला. फरशी पुसता पुसता खाली बसावं लागतं. पण ते चांगलंच ना ताई? गोळी लागू पडतेय!"

नाशिकच्या सिडकोत, पवननगरच्या बाजूला, मी २४ वर्षं मेडिकल चालवते. डायबेटिसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला हा एक प्रश्न विचारायची सवय मी स्वतःला लावून घेतली आहे. उत्तरं ठरलेली असतात. "वीकनेस येतो अधूनमधून." "पित्ताचा त्रास आहे मला." "बीपी लो होतो." "वय झालं आता." एक रिक्षावाले दादा म्हणाले, "संध्याकाळी डोळ्यांसमोर दोन-दोन सिग्नल दिसतात, मग वडापाव खाल्ला की एक होतो." ते रोज द्वारकेच्या चौकातून माणसं नेतात. शुगर खाली गेल्यामुळे असं होतं, हे त्यांना त्या दिवसापर्यंत कुणीच सांगितलं नव्हतं. आणि त्यांनीही डॉक्टरांना कधी सांगितलं नव्हतं, कारण डॉक्टरांनी विचारलं नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपल्याकडे वाढलेल्या शुगरची भीती घराघरांत पोचली आहे आणि ती पोचायलाच हवी होती. पण उपचार चालू असलेल्या माणसाची शुगर खालीही जाते, वारंवार जाते, आणि ती काही तासांत नाही तर मिनिटांत माणसाला आडवं करू शकते, ही गोष्ट ना चिठ्ठीवर लिहिलेली असते, ना घरात बोलली जाते.

किती वारंवार? २०१५ साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी ४६ अभ्यास एकत्र करून पाच लाखांहून जास्त टाइप २ रुग्णांचा हिशेब मांडला. शेकडा ४५ जणांची शुगर सौम्य किंवा मध्यम प्रमाणात खाली गेलेली होती. शेकडा ६ जणांची इतकी, की दुसऱ्या माणसाने मदत केल्याशिवाय ते सावरू शकले नसते. नुसत्या इन्सुलिनवाल्यांची ही गोष्ट नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लेमाइड या सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या घेणाऱ्यांतही सौम्य त्रासाचं प्रमाण शेकडा ३० आणि गंभीर त्रासाचं शेकडा ५ होतं. २४ देशांतल्या २७ हजारांवर इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णांना चार आठवडे नोंदी ठेवायला सांगून दुसरा एक मोठा अभ्यास झाला. त्यात टाइप १ च्या शेकडा ८३ जणांनी आणि टाइप २ च्या जवळपास निम्म्या लोकांनी त्या एका महिन्यात शुगर खाली गेल्याचं नोंदवलं. नोंद ठेवायला सांगितली म्हणून ती कळली. एरवी या सगळ्याला वीकनेसच म्हटलं गेलं असतं.

आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात डायबेटिसचे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत. त्यातले किती जण ग्लिमेपिराइडवर आहेत हे मी सांगू शकत नाही, पण माझ्या दुकानात या गोळ्यांचा खण रोज भरावा लागतो.

मला हे सगळं नीट कळलं ते कॉलेजात नाही, घरी कळलं. आणि उशिरा कळलं.

आमचे आप्पा नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून निवृत्त झालेले. नोटांचे ताव तपासणं हे त्यांचं काम. आकड्यांच्या बाबतीत माणूस इतका काटेकोर, की भाजीवाल्याचा हिशेब एकदा आणि दूधवाल्याचा दोनदा करायचे. डायबेटिस बरीच वर्षं होता. गोळी ग्लिबेनक्लेमाइड, सकाळी आठला, चहाबरोबर. एकही दिवस चुकवली नाही. आणि संकष्टी चतुर्थीही कधी चुकवली नाही.

२००९ च्या पावसाळ्यातली चतुर्थी. सकाळी गोळी झाली. दुपारी दोन केळी खाल्ली. मग चंद्रोदयापर्यंत काही नाही. कालनिर्णयात चंद्रोदय रात्री नऊनंतर होता आणि बाहेर असा पाऊस, की चंद्र दिसायचा प्रश्नच नव्हता. मी दुकान बंद करून जेलरोडला आईकडे गेले होते. सव्वासातला आप्पा ओट्यावर बसलेले, शर्ट पाठीला चिकटलेला. बाहेर गारठा आणि यांना घाम. आईने विचारलं, "काय होतंय?" तर म्हणाले, "मोजणी व्हायची आहे अजून." आम्हाला वाटलं, जुनं काहीतरी आठवलं असेल. मग त्यांनी माझ्या सहा वर्षांच्या मुलाला शिवी दिली. आप्पांच्या तोंडून मी आयुष्यात शिवी ऐकली नव्हती. आई म्हणाली, "उपासाचं पित्त चढलंय. जेवले की बरं वाटेल."

मी फार्मसिस्ट. माझ्या दुकानाच्या कपाटात त्या दिवशी ग्लुकोमीटरचे चार डबे विकायला होते. घरात एकही नव्हता. घाम, बडबड, चिडचिड हे सगळं मी डोळ्यांनी बघत होते, आणि मीसुद्धा चंद्रोदयाची वाट बघत बसले.

पावणेनऊला ते चपलेत हात घालायला लागले. मग एका बाजूला कलंडले. उजवा हात लुळा. आम्हाला वाटलं, लकवाच मारला. रिक्षात घालून जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या सिस्टरने पहिल्यांदा काय केलं, तर बोटाला सुई टोचली. आकडा आला ३४. शिरेतून ग्लुकोज दिलं. चारपाच मिनिटांत आप्पांनी डोळे उघडले, लुळा हात उचलून कपाळावरचा घाम पुसला आणि आईला विचारलं, "नैवेद्य दाखवला का?"

रक्तातली साखर ७० च्या खाली गेली की ती कमी धरायची, ५४ च्या खाली गेली की धोक्याची. मेंदूकडे स्वतःचा साठा जवळपास नसतो, त्याला रक्तातून अखंड साखर लागते. ती तुटायला लागली की आधी शरीर ओरडतं: थरथर, धडधड, घाम, एकदम लागलेली भूक. ते ऐकलं नाही की मेंदू डगमगतो: बोलणं भलतंच, वागणं परकं, चालणं झिंगल्यासारखं, आणि कधी कधी अर्धं अंग गळून हुबेहूब लकव्यासारखं दिसतं. म्हणून या माणसांना लोक दारू प्यायलेलं समजतात, वेडसर समजतात. नवरात्रातल्या जागरणात तर एखादीच्या अंगात आलंय असंही समजून बसतील.

त्या रात्रीची गोष्ट इथे संपली नाही. तासाभराने आम्हाला घरी सोडलं. पहाटे चारला आईने हाक मारली. आप्पांचं अंथरूण ओलं, हाकेला ओ नाही. पुन्हा रिक्षा, पुन्हा शिरेतून ग्लुकोज. ग्लिबेनक्लेमाइडचा अंमल खूप वेळ टिकतो आणि मूत्रपिंड थोडं जरी थकलेलं असलं तर आणखी टिकतो. गोळीमुळे शुगर पडलेल्या म्हाताऱ्या माणसाला निदान एक दिवस नजरेखाली ठेवायला हवं, कारण सलाइन संपतं पण गोळी संपलेली नसते. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्या रात्री माझ्या वडिलांचा जीव वाचवला, ते उपकार मी विसरणार नाही. पण तासाभरात घरी पाठवणं चूक होतं, हेही आज १६-१७ वर्षांनी ठामपणे लिहिते, कारण अजूनही असं घरी पाठवलेले लोक माझ्या दुकानात येतात.

आठवड्याने मी आप्पांना विचारलं, "आधी कधी असं झालं होतं?" म्हणाले, "दर चतुर्थीला संध्याकाळी थोडं व्हायचंच. मला वाटायचं, गणपती परीक्षा बघतोय."

किती वर्षं? मला मोजायचं धाडस झालं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने पुढे आवश्यक औषधांच्या यादीत ग्लिबेनक्लेमाइडच्या जागी ग्लिक्लाझाइड आणलं, आणि साठीपुढच्या माणसांना ग्लिबेनक्लेमाइड योग्य नाही असं स्पष्ट म्हटलं. त्या चतुर्थीला आप्पा ६६ वर्षांचे होते.

या गोळ्यांचा इतिहास आम्हाला फार्माकॉलॉजीत दोन ओळींत शिकवला होता. तो खरं तर प्रत्येक रुग्णाला सांगावा असा आहे. १९४२ साली फ्रान्समधल्या माँपेलिए गावात मार्सेल जाँबाँ हे डॉक्टर टायफॉइडच्या रुग्णांवर एक नवं सल्फा औषध वापरून बघत होते. टायफॉइड राहिला बाजूला, रुग्णांना झटके यायला लागले, काही बेशुद्ध पडले. रक्त तपासलं तेव्हा साखर तळाला गेलेली. त्यांचे सहकारी ऑग्युस्त लुबातिएर यांनी त्याचा छडा लावला आणि त्यातून डायबेटिसच्या गोळ्यांचा हा सगळा वंश निघाला. म्हणजे शुगर खाली जाणं हा या गोळीचा एखादा दूरचा, पत्रकात बारीक अक्षरांत छापायचा दुष्परिणाम नाही. ती सापडली तीच त्या वाटेने. माणूस जेवलाय की नाही हे गोळीला कळत नाही. ती स्वादुपिंडाला सांगते, इन्सुलिन सोड, आणि ते सोडतं.

मग हे विचारलं का जात नाही? एक कारण साधं आहे. तपासणीचे जे तीन आकडे आपण डॉक्टरांसमोर ठेवतो, उपाशीपोटी, जेवणानंतर आणि तीन महिन्यांची टक्क्यांतली सरासरी (एचबीए१सी), त्यांतला एकही सकाळी अकराचा नसतो, संध्याकाळी सातचा नसतो, पहाटे तीनचा तर नसतोच. सरासरी सात आली की डॉक्टर खूश, घरचे खूश. पण कधी २५० आणि कधी ५० होणाऱ्या माणसाची सरासरीही छान दिसू शकते.

आपल्या नाशिकच्या माणसाला हे सांगायला मी गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीचा आधार घेते. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की अख्खं गाव विचारतं, मारुतीच्या कुठवर आलं? गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. पुराचं आपलं मापच ते. पण गोदावरीचं पाणी किती उतरलं, हे कोणत्या मूर्तीवर बघायचं? त्याला गावात माप नाही. शुगरचं तसंच झालंय. वर चढल्याची खूण प्रत्येकाला पाठ आहे, उतरल्याची खूणच ठरलेली नाही.

आणि जिथे खूण कळते तिथे घरातलेच आड येतात. हे लिहिताना मला वाईट वाटतं, पण काउंटरच्या अलीकडे उभं राहून मी हे फार पाहिलंय. डायबेटिसच्या माणसाने "मला काहीतरी गोड द्या" म्हटलं की सून म्हणते, "बघा, गोड खायचा बहाणा." गुळाचा डबा वरच्या फळीवर गेलेला असतो. आमच्या मागच्या गल्लीतल्या एक आजी रात्री घामाने जाग आली की अंधारात चाचपडत देवघरापर्यंत जायच्या आणि नैवेद्याची खडीसाखर तोंडात टाकायच्या. चोरून. कुणी बघितलं तर ओरडतील म्हणून दिवा लावायच्या नाहीत. ऐंशीच्या घरातल्या बाईने औषधाच्या परिणामातून वाचण्यासाठी स्वतःच्याच घरात चोरी करावी, याहून मोठं अज्ञान कोणतं?

कामाच्या ठिकाणी तर तोंडच उघडता येत नाही. अंबडच्या एमआयडीसीत रात्रपाळी करणारा एक तरुण, टाइप १ चा, दिवसातून चार वेळा इन्सुलिन घेणारा, खिशात ग्लुकोजची पुडी ठेवतो, पण सुपरवायझरला सांगत नाही. सांगितलं तर मशिनवरून काढतील ही भीती. त्याच्या शेजारी काम करणाऱ्यालाही माहीत नाही. उद्या तो कोसळला तर लोक आधी त्याचा वास घेऊन बघतील.

औषधांच्या बाजूनेही काही गोष्टी आहेत, त्या मीच सांगायला हव्यात. सांगायचं काम आम्हा दुकानदारांचंही आहे आणि आम्ही बहुतेक वेळा नुसतं पाकीट कापून देतो.

इन्सुलिनच्या सिरिंजला लाल टोपी असेल तर ती ४० ताकदीच्या बाटलीसाठी, केशरी टोपी असेल तर १०० ताकदीसाठी. आपल्याकडे बाटली बहुतेक ४० ची मिळते आणि पेनमधली काडतुसं १०० ची. पेनची सुई संपली म्हणून एखादी बाई काडतुसातलं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजने ओढते, खूण २० चीच पकडते, आणि शरीरात जातात ५० युनिट. अडीचपट. हे माझ्या गिऱ्हाइकाच्या घरी झालंय. नशीब, मुलगा घरी होता.

दुसरी गोष्ट व्होग्लिबोजची. तीन औषधं एकात असलेल्या गोळ्या हल्ली पुष्कळ लिहिल्या जातात, ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज. यातलं व्होग्लिबोज आतड्यात साखर फुटूच देत नाही, म्हणजे फार हळू फुटू देतं. अशा माणसाची शुगर पडली आणि तुम्ही साखरपाणी पाजलंत तर ते रक्तात पोचायला उशीर लागतो. त्याला ग्लुकोज पावडरच हवी, कारण ग्लुकोजला फुटावं लागत नाही. घरातल्या किती जणांना हे माहीत आहे? मला तर अनेकदा लिहून देणाऱ्यांनाही आठवण करून द्यावीशी वाटते.

आणि "१ ची नाही ना, मग २ ची द्या, अर्धी करून घेते" हे थांबवा. अशा एकत्र औषधांच्या बऱ्याच गोळ्या हळूहळू विरघळाव्यात अशा बनवलेल्या असतात. त्या मोडायच्या नसतात.

बीपीसाठी मेटोप्रोलॉल, अटेनोलॉलसारख्या गोळ्या चालू असतील तर शुगर पडताना होणारी धडधड आणि थरथर दबते. घाम तेवढा राहतो. ज्यांची शुगर वरचेवर पडते त्यांच्या शरीराचं ओरडणंही हळूहळू बंद होतं, सूचना न देता माणूस थेट बेशुद्ध होतो. त्या चतुर्थीच्या सुमाराला आप्पांना थरथर जाणवायची नाही, ते याचमुळे असावं.

आता उपासांचं. मी उपासाच्या विरोधात नाही, मी स्वतः श्रावणी सोमवार करते. पण रमजानच्या आधी माझ्याकडे लोक विचारायला येतात, सहरीला कोणती गोळी, इफ्तारला कोणती. जुन्या नाशकातल्या एक चाची तर पंधरा दिवस आधी डॉक्टरांची वेळ घेतात. त्यामागे जगभर झालेलं कामही आहे. १३ देशांतल्या १२ हजारांवर मुस्लीम रुग्णांच्या अभ्यासात रमजानमध्ये शुगर गंभीर खाली जाण्याचं प्रमाण टाइप २ मध्ये साडेसात पट वाढलेलं आढळलं. २००४ साली ते छापून आलं आणि तेव्हापासून रोज्यांसाठी औषधांचं वेळापत्रक बसवून देणं ही अनेक डॉक्टरांची सवय झाली. एकादशीच्या, चतुर्थीच्या, नवरात्राच्या आधी मात्र २४ वर्षांत मला बोटावर मोजण्याइतक्या लोकांनी विचारलं असेल. उपास करायचा, गोळी मात्र रोजचीच घ्यायची, कारण "गोळी चुकवू नका" हे डॉक्टरांचं वाक्य पक्कं लक्षात राहिलेलं असतं.

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीची फेरी असते. रविवारी रात्रीच लोक निघतात, पावसात, अनवाणी, उपाशी. रात्रभर चालतात. चालल्याने स्नायू साखर ओढून घेतात आणि ते ओढणं चालणं थांबल्यावरही कित्येक तास चालू राहतं. त्यात आदल्या संध्याकाळचं इन्सुलिन. सप्तशृंगी गडावर पायी जाणाऱ्यांचं तेच, निवृत्तिनाथांच्या दिंडीत चालणाऱ्यांचं तेच. दरवर्षी या लोकांना मी ग्लुकोजची पुडी हातात ठेवते. काही जण म्हणतात, "ताई, आम्हाला शुगर आहे, ग्लुकोज कसं चालेल?"

२०२७ चा सिंहस्थ येतोय. रस्ते, घाट, पूल, पार्किंग यांच्या बातम्या रोज वाचते. लाखो माणसं येणार, त्यांत साठीपुढची भरपूर, पहाटेपासून रांगेत, पर्वणीसाठी उपाशी. माझी मागणी खर्चाच्या मानाने अगदी लहान आहे. प्रत्येक मदत केंद्रावर, प्रत्येक पोलीस चौकीत एक ग्लुकोमीटर आणि ग्लुकोजचा एक डबा असू द्या. गर्दीत झिंगलेला, घामाघूम, भलतंच बोलणारा माणूस दिसला की आधी बोट टोचायचं, मग बाकीचं ठरवायचं, हे तिथल्या प्रत्येक स्वयंसेवकाला शिकवा. अर्ध्या तासात शिकवून होतं. राज्यभरातल्या डॉक्टर-नर्सेसच्या परीक्षा घेणारं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या म्हसरूळला आहे. हे प्रशिक्षण त्यांच्या अंगणातूनच सुरू व्हावं.

डॉक्टरांकडे माझी विनंती आहे आणि ती एका ओळीची आहे. ज्या चिठ्ठीवर सल्फोनिलयुरिया किंवा इन्सुलिन लिहाल, तिच्या तळाशी मराठीत एक ओळ लिहा, शुगर पडली तर काय करायचं ती. तुम्हाला वेळ नाही, मान्य. तर शिक्का करून घ्या. आणि पुढच्या वेळी माणूस आला की "शुगर किती?" याच्या आधी "खाली गेली होती का?" हे विचारा. सत्तरीपुढच्या, एकट्या राहणाऱ्या, मूत्रपिंड थकलेल्या माणसाला सरासरी साडेसहावर आणायचा हट्ट सोडा. २००८ साली अमेरिका आणि कॅनडात दहा हजारांवर रुग्णांवर चाललेल्या एका मोठ्या प्रयोगातला कडक उपचाराचा भाग मुदतीआधीच थांबवावा लागला होता. सरासरी सहाच्या खाली आणायचा कडक उपचार घेणाऱ्या गटात मृत्यू जास्त झाले. शुगर गंभीर खाली जाण्याचं प्रमाणही त्या गटात तिप्पट होतं. मृत्यूंचं नेमकं कारण त्यावरून ठरत नाही, पण म्हाताऱ्या माणसाच्या कागदावरचा सुंदर आकडा त्याच्या जिवाला सुरक्षित असतोच असं नाही, इतकं त्यातून नक्की कळलं.

स्वस्त आहे म्हणून सल्फोनिलयुरिया, हा युक्तिवादही आता पूर्वीइतका खरा उरलेला नाही. व्हिल्डाग्लिप्टिन, सिटाग्लिप्टिन, डापाग्लिफ्लोझिन यांचे पेटंट संपले आणि किमती माझ्या डोळ्यांसमोर खाली आल्या. मेटफॉर्मिनसारखीच ही औषधं एकटी दिली तर शुगर सहसा खाली नेत नाहीत. सगळ्यांची गोळी बदला असं मी म्हणत नाही. अनेकांना ग्लिमेपिराइडच योग्य असते आणि ती नीट चालते. आणि हे वाचून कुणीही आपल्या मनाने गोळी बंद करू नये, वाढलेली शुगर डोळे, पाय, मूत्रपिंड खाते, तेही मी रोज बघते. पण ज्याची शुगर पडते त्याच्यासाठी दुसरा रस्ता आहे का, एवढं विचारायला हवं.

घरातल्यांसाठी: तीन चमचे ग्लुकोज पाण्यात, पंधरा मिनिटं थांबा, पुन्हा बोट टोचून बघा, अजून कमी असेल तर पुन्हा द्या. सावरल्यावर पोळी, भात, काहीतरी खायला घाला. पेढा, चॉकलेट नको, त्यातलं तूप-लोणी साखरेला अडवून धरतं. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही ओतू नका, श्वासात जाईल. १०८ ला फोन करा. ग्लुकोमीटर नसेल आणि शंका असेल, तरी गोड द्या. शुगर वाढलेली असली तर थोड्या ग्लुकोजने तेवढ्यात काही बिघडत नाही. पडलेली असली तर जीव वाचतो.

आप्पा आता ८२ वर्षांचे आहेत. गोळी बदलली, सरासरी आठपर्यंत चालेल असं डॉक्टरांनी सांगितलं. संकष्टी त्यांनी सोडली नाही, पण त्या दिवसासाठी औषधाचं वेगळं वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहून घेतलंय. दुपारी दूध, चारला फळ, सहाला स्वतः बोट टोचतात आणि वहीत आकडा लिहितात, तारीख-वेळेसकट, नोट प्रेसमधल्या त्या जुन्या रेखीव अक्षरात.

त्या अकराच्या मावशींच्या चिठ्ठीचा फोटो मी नंतर फोनमध्ये काढून घेतला आणि त्यांच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी राग मानला नाही, उलट मावशींना बोलावून गोळी कमी केली. परवा मावशी नवी चिठ्ठी घेऊन आल्या. तळाशी पेनने लिहिलं होतं: घाम, थरथर, एकदम भूक — ३ चमचे ग्लुकोज, मग मला फोन. सुनेला वाचता यावी म्हणून ती चिठ्ठी त्या स्वामी समर्थांच्या फोटोशेजारी चिकटवणार आहेत. ग्लुकोज पावडरचा डबा नेला. मीटर नको म्हणाल्या, एका पट्टीचे इतके पैसे कुठून आणू. पुढच्या महिन्यात गोळ्या न्यायला येतील तेव्हा पुन्हा विचारीन.